खाडीकाठचं घर, चौथा मजला: नेरुळमधल्या एका रिसेल खरेदीचं प्रकरण

नेरुळ पश्चिम, करावे गावाच्या अंगाला, पाम बीच रस्त्यापासून चालत सात-आठ मिनिटं. तळमजला अधिक चार मजले, तीन विंग, ४८ सदनिका, १९९२ चं बांधकाम, लिफ्ट नाही. विकायला काढलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली. दोन बेडरूम, कार्पेट ५६० चौरस फूट, मागणी १ कोटी १० लाख. घेणारं जोडपं बारा वर्षं डोंबिवलीत भाड्याने राहत होतं. दोघांची नोकरी बेलापूरला, मुलगी सातवीत. विकणाऱ्या काकू सत्तरीच्या. त्यांचे यजमान २०१५ मध्ये गेले.

माणसांची आणि सोसायटीची ओळख इथे दिलेली नाही. रकमाही हिशेब उलगडण्यापुरत्या धरल्या आहेत. अडचणी मात्र अगदी नेहमीच्या. वाशी ते बेलापूर खाडीलगतच्या कुठल्याही तीस वर्षांच्या इमारतीत यातल्या निम्म्या तरी भेटतील.

पहिली भेट: छत फारच गुळगुळीत होतं

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, दलालाने फ्लॅट दाखवला. नुकताच रंग काढलेला. हॉलमध्ये नवं कोरं पीओपीचं फॉल्स सीलिंग, कडेने दिव्यांची पट्टी. वरच्या मजल्यावरचं तीस वर्षांचं घर, विकायच्या आधी दोन महिने पीओपी. असं दिसलं की कौतुक करायच्या आधी स्टूल मागावं. दिव्याचं एक भोक उघडून मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं तर स्लॅबचं प्लास्टर दोन ठिकाणी सुटलेलं आणि सळईची तांबूस रेघ स्पष्ट. काकूंचा यात डाव असेलच असं नाही. बहुतेक वेळा दलालच ‘जरा नीट करून घ्या, भाव येईल’ असं सुचवतो.

पीओपी नसलं तरी पाहण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पश्चिमेच्या, म्हणजे खाडीकडच्या भिंतीतले कॉलम. बाथरूमचं छत. खिडकीवरचे छज्जे. जिन्याच्या वळणाचा बीम. साध्या रुपयाच्या नाण्याने ठोकत जायचं. धड काँक्रीट खणखणतं, सुटलेलं भद्द वाजतं. बीमच्या खालच्या अंगाला लांबीच्या दिशेने सरळ चीर असेल तर ती आतल्या सळईवरूनच गेलेली असते. प्लास्टरच्या चिरा वेड्यावाकड्या पसरतात, गंजाच्या चिरा सरळ पळतात.

कारण असं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो तसा हा अल्कपणा बाहेरून आत कमी होत जातो. खाडीच्या हवेतलं मीठ वेगळ्या वाटेने तेच काम करतं. सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि ते फुगून वरचं काँक्रीट ढकलून देतं. आजचं मानक (आयएस ४५६, सन २०००) किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि किमान एम ३० दर्जा मागतं. ही इमारत १९७८ च्या मानकाच्या काळातली. तेव्हा स्लॅबला १५ आणि बीमला २५ मिलिमीटर कव्हर चालायचं. म्हणजे बिल्डरने चोरी केली नसेल तरीही इमारत खाडीसाठी तोकड्या अंगरख्याचीच.

घरातली आणखी एक खूण वास्तुतज्ज्ञाशिवाय कळते. देवघरातली चांदीची निरांजनं आणि तांब्याची भांडी किती लवकर काळी पडतात हे काकूंना विचारलं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून गंधकयुक्त वायू सुटतो, तो चांदी काळवंडतो आणि एसीची तांब्याची कॉइलही खातो. काकू सहज म्हणाल्या, ‘दर पंधरवड्याला घासावी लागतात हो.’ त्यांनी एसीची कॉइल दोनदा बदललेली होती. हे घर नाकारायचं कारण नव्हे. मात्र एसी घेताना कॉइलवर गंजरोधक लेप असलेला घ्यायचा, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगायचं नाही आणि ग्रिल लोखंडाचं असेल तर दर दोन पावसाळ्यांनी रंगाचा खर्च धरायचा.

दुसरी भेट: द्वितीया, दुपारी दीड

खाडीकाठचं घर भर पावसात आणि भर भरतीत पाहायचं असतं. भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण इथल्या कोळ्यांचा हिशेब तोंडपाठ होणारा आहे. तिथीची पाऊणपट करायची: तिथी गुणिले तीन, भागिले चार. द्वितीया असेल तर दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत जावं तसा थोडा उशीर. उधाणाची सगळ्यात मोठी भरती पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाहायला गेलात तर काहीच दिसणार नाही.

जोडपं आषाढातल्या द्वितीयेला दीड वाजता पोचलं. सकाळपासून पाऊस होता. रस्त्यावर पाणी तुंबलेलं नव्हतं, पण सोसायटीच्या गेटाजवळच्या गटाराच्या चेंबरमधून पाणी वर येत होतं. यात नवल नाही. नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकून केलेला आणि मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची झडप-दारं पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. पाम बीचवरचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’, जिथे लोक सकाळी फेऱ्या मारतात, तोही असाच धारण तलाव. तलावात गाळ भरला, कांदळवन वाढलं की साठवण घटते. कांदळवनाला कायद्याचं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं हे नुसतं जेसीबीचं काम राहत नाही. तोवर मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी गटारातून उलटं चढतं.

चौथ्या मजल्यावरच्या माणसाने याची काळजी का करायची? कारण पिण्याचं पाणी तळमजल्याखाली असतं. भूमिगत टाकीचं तोंड पार्किंगच्या फरशीपासून जेमतेम १५ सेंटिमीटर वर होतं. त्या दिवशी पार्किंगमध्ये पाणी २० सेंटिमीटर. झाकण साधं बिडाचं, चार बोटं फट. मोरबे धरणातून आलेलं शुद्ध पाणी त्या क्षणी गटाराच्या पाण्यात मिसळत होतं आणि अर्ध्या तासाने पंप तेच गच्चीवर चढवणार होता. इस्त्रीवाल्याने सांगितलं, ‘पावसाळ्यात दोन-तीनदा होतंच. मग सगळे बिसलेरी मागवतात.’

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. टाकीचं तोंड विटांनी निदान ६० सेंटिमीटर उचलायचं, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, रबरी गास्केटचं झाकण, आणि ओव्हरफ्लो पाइपाचं तोंडही त्याच उंचीला न्यायचं. हे शेवटचं हमखास विसरलं जातं आणि पाणी झाकण सोडून पाइपातून शिरतं. पाणी एकदा शिरलं असेल तर टाकी उपसून, घासून पुन्हा भरायची, हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर विरघळवून रात्रभर ठेवायची आणि सकाळी ते सगळं पाणी सोडून द्यायचं. गच्चीवरची टाकीही त्याच वेळी धुवायची. चाळीस हजार लिटरच्या टाकीला सहा किलो पावडर, म्हणजे पाचशे रुपयांचाही खर्च नाही. ४८ घरांच्या सोसायटीने हे तीस वर्षांत केलं नव्हतं. इथे प्रश्न टाकीपेक्षा कमिटीचा निघाला.

सोसायटीचं दप्तर

म्हणून पुढचा मुक्काम सेक्रेटरींच्या घरी. रिसेल घेणारे लोक फ्लॅटची कागदपत्रं वकिलाकडे देतात आणि सोसायटीकडून फक्त ‘ना हरकत’ मागतात. त्या पत्रात विकणाऱ्याची आजपर्यंतची थकबाकी नाही एवढंच असतं. उद्या काय येणार आहे हे सभेच्या इतिवृत्तात असतं. विकणाऱ्या सभासदाला इतिवृत्ताची प्रत मागायचा हक्क आहे, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे अर्ज काकूंच्या सहीने केला. मागितलं ते असं: गेल्या तीन वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, तेवढ्याच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) अहवाल, थकबाकीदारांची यादी आणि सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीची, मुदत ठेव किती याचा दाखला.

पंधरा दिवस लागले. वाचायला एक संध्याकाळ पुरली.

आदल्या वर्षीच्या सभेत ठराव झालेला होता: इमारतीची मोठी दुरुस्ती, अंदाजपत्रक १ कोटी ५ लाख ६० हजार, प्रत्येक सदनिकेने २ लाख २० हजार, चार हप्त्यांत, पहिला येत्या जानेवारीत. काकूंनी लपवलं नव्हतं. सभेला त्या गेल्याच नव्हत्या. ना हरकत पत्रात मात्र हे कधीच आलं नसतं, कारण मागणीचं बिल अजून निघालेलं नव्हतं. आणि बिल निघेल तेव्हा सभासद जो असेल त्याच्या नावाने.

सिंकिंग फंडात होते सहा लाख. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी गोळा व्हायला हवा. इथे ‘मेंटेनन्स कमी आहे’ हीच जाहिरात होती: महिना २,८०० रुपये. स्वस्त मेंटेनन्सचं जुनं घर दिसलं की समजावं, पैसे कुणीतरी पुढच्या माणसावर ढकललेत.

ऑडिट अहवाल जाडजूड असतो आणि त्यात फोटोच फोटो. त्यातले तीन आकडे शोधायचे. एक, अल्ट्रासॉनिक चाचणी: काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली म्हणजे शंकास्पद. या इमारतीत पश्चिमेचे नऊ कॉलम २.६ ते २.९ मध्ये होते. दोन, कार्बोनेशन: काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. धड भाग गुलाबी होतो, मेलेला रंगहीन राहतो. इथे गुलाबी रंग ३२ मिलिमीटर आत सुरू होत होता आणि सळई २५ वर होती, म्हणजे सळईचं कवच केव्हाच संपलेलं. तीन, हाफ-सेल चाचणी, सळईचा विद्युत दाब मोजणारी: उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आकडा आला की गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी. आदर्श उपविधीनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांनी एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांनी एकदा. इथला अहवाल दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे मुदतीत. ही कमिटीच्या बाजूने जाणारी गोष्ट.

अंदाजपत्रकात नऊ कॉलमना मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट (बाहेरून नवा थर), बीम-स्लॅबला पॉलिमर दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर आणि रंग होता. रंग सगळ्यात शेवटी. ज्या सोसायट्या उलट करतात, आधी रंग आणि ‘उरले तर’ कॉलम, तिथून पाय काढता घ्यावा. पॉलिमर दुरुस्तीत एक मेख आहे. गंजलेल्या सळईच्या मागे निदान २० मिलिमीटर काँक्रीट खोदून काढलं नाही, नुसतं समोरून खरवडून मलम भरलं, तर दोन वर्षांत त्याच ठिगळाच्या कडेने पुन्हा फुटतं. नव्या आणि खारट जुन्या काँक्रीटच्या सीमेवर गंज जास्त जोराने धावतो. शिवाय अशा कामात पॉलिमरचं परिमाण फोडल्यावरच कळतं. परांची चढल्यानंतर बिल वाढतंच. २ लाख २० हजारांचे पावणेतीन लाख व्हायची तयारी ठेवायची.

दलालाचं म्हणणं वेगळं होतं. ‘साहेब, कशाला दुरुस्ती बघताय, ही बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय, डबल एरिया मिळेल.’ इतिवृत्तात पुनर्विकासाचा ठराव नव्हता. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. इथे एका विंगमधली दहा-बारा घरं सोडता कुणी तयार नव्हतं. वर सिडकोची परवानगी, खाडीलगत किनारा नियमन क्षेत्राची रेघ कुठून जाते तो नकाशा आणि नवी मुंबई विमानतळामुळे इमारतीच्या उंचीची मर्यादा. पुनर्विकासाची आशा असेल तर असू द्यावी, तिचे पैसे आज मोजायचे नाहीत.

काकूंच्या नावावर, पण काकूंचं नव्हे

शेअर सर्टिफिकेटवर नाव काकूंचं. यजमानांनी नॉमिनी म्हणून त्यांचं नाव दिलं होतं आणि सोसायटीने २०१६ मध्ये रीतसर हस्तांतर केलं. दलालाच्या मते विषय संपला. तो तिथूनच सुरू होतो. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा ते ठरवणारं नाव. मालकी वारसांची. मृत्युपत्र नव्हतं, काकूंच्या सासूबाई आधीच गेलेल्या. तेव्हा हिंदू वारसा कायद्याने काकू, मुलगी आणि मुलगा यांचा एक-एक तृतीयांश. मुलगी कोल्हापुरात, मुलगा परदेशात.

दोन वाटा होत्या. तिघांनी मिळून विकायचं, किंवा मुलांनी आधी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग आईने एकटीने विकायचं. दुसरी घेतली, आणि त्याला कारण टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा प्राप्तिकर. विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त, तर घेणाऱ्याने १ टक्का कापून भरायचा. विकणाऱ्यांत एक जरी अनिवासी असला तर त्याच्या वाट्यावर बऱ्याच चढ्या दराने कपात, आणि घेणाऱ्याला त्यासाठी वेगळी कागदपत्रं. घेणाऱ्याने हे न करता सरसकट १ टक्का कापला तर प्राप्तिकर खात्याची नोटीस घेणाऱ्यालाच येते.

मुलाने तिकडच्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून बहिणीच्या नावे पाठवलं. भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो. पहिला कागद परत गेला, कारण त्यात फ्लॅट ‘विकण्याचे’ अधिकार होते, ‘हक्क सोडण्याचे’ नव्हते. सात आठवडे यातच गेले.

सिडकोचं प्रकरण त्या मानाने सुरळीत. नवी मुंबईतली जमीन सिडकोची. या सोसायटीला भूखंड १९८८ मध्ये ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेला, म्हणजे २०४८ पर्यंत. सिडकोच्या नोंदीत अजून यजमानांचंच नाव होतं. आधी वारसनोंद, मग हस्तांतरणाची परवानगी, शुल्क भरणं, कर्जासाठी गहाणखताची ना हरकत. क्रम चुकला की फाइल मागे. फ्रीहोल्डच्या घोषणा कानावर येतात, पण व्यवहार हातातल्या पट्ट्यावर करायचा. बँकेनेही तो वाचला आणि पट्ट्याची उरलेली मुदत व इमारतीचं वय पाहून कर्ज २० वर्षांऐवजी १५ वर्षांवर आणलं. ७८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी हप्ता ६७,७०० चा ७६,८०० झाला. महिन्याला नऊ हजारांचा हा फरक आधी कुणीच हिशेबात धरलेला नव्हता.

शेजार

हे सगळं चालू असताना जोडपं दर रविवारी संध्याकाळी तिथे चक्कर मारत होतं. हा वेळ फुकट जात नाही.

पार्किंगच्या जागा २२, घरं ४८. मोकळं पार्किंग सोसायटीला विकता येत नाही. इथे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात, आणि चिठ्ठी न लागलेली गाडी गावाच्या रस्त्यावर उभी राहते. त्यावरून करावेकरांशी खटके उडतात, आणि त्यात चूक बहुतेक सोसायटीवाल्यांची. रस्ता गावाचा जुना वहिवाटीचा, जाळी-होडी घेऊन जाणाऱ्यांचा. गाव आधीचं, सेक्टर नंतरचे. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं त्यांनी १९८४ मध्ये गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. नव्या माणसाने गेटावरची मासेवाली हटवा म्हणून अर्ज करण्याआधी हे ठाऊक करून घ्यावं.

त्या मासेवालीचं दुकान म्हणजे एक पाटी, एक विळी आणि बर्फाचा डबा. कोलंबी, बोंबील, चिंबोऱ्या, कधी निवट्या, नशीब असेल तर जिताडा. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, तेव्हा सुकट-बोंबलाचे वाटे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराने सुक्या मासळीच्या वासाची लेखी तक्रार केलेली इतिवृत्तात होती, आणि सभेने ती दप्तरी दाखल केली होती. ज्यांना हा वास सोसणार नाही त्यांनी खाडीकाठचं घर घेऊ नये. थंडीत आणि उन्हाळ्यात फ्लेमिंगो पाहायला हौसेने जायचं आणि ज्या चिखलावर ते जगतात त्याच्या वासाला नाक मुरडायचं, हे जमत नाही. डासांचं मात्र खरंच सांभाळायचं: तलावाकडच्या खिडक्यांना जाळी पहिल्या दिवशीच.

थकबाकीदार सात, रक्कम ४ लाख ६० हजार. १४ घरं भाड्याने दिलेली, बहुतेक कॉलेजची मुलं. भाडेकरू असणं वाईट नाही, पण मालक सभेला येत नाहीत आणि दुरुस्तीचे हप्ते तेच थकवतात. सातपैकी पाच थकबाकीदार असेच बाहेर राहणारे होते. त्यांच्यावर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा अर्ज केला का, या प्रश्नाला सेक्रेटरींनी ‘करायचाय’ असं उत्तर दिलं.

खरं भांडण गच्चीवर होतं. चौथ्या मजल्यावरच्या आठ घरांनी वर्गणी काढून पत्र्याची पावसाळी शेड उभारली होती, परवानगीशिवाय. तिचे लोखंडी पाय वॉटरप्रूफिंगच्या कोब्यातून बोल्ट मारून स्लॅबमध्ये रोवलेले. शेड पाऊस अडवत होती आणि प्रत्येक बोल्टाच्या भोकातून आडव्या सरींचं पाणी आत सोडत होती. हॉलमधला तो तांबूस डाग बरोबर एका पायाखाली निघाला. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायला हवी हे उपविधीत आहे, पण सोसायटीचं म्हणणं ‘आधी शेड काढा’. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पाणी गळतच होतं.

सौदा

टोकन एक लाख, चेकने. दलालाच्या छापील पावतीत ‘४५ दिवसांत व्यवहार न झाल्यास टोकन जप्त’ असं होतं. ते खोडून वकिलाने लिहिलं: वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, सिडकोची परवानगी आणि बँकेची कायदेशीर मंजुरी यांपैकी काहीही विकणाऱ्याच्या बाजूने १२० दिवसांत न मिळाल्यास टोकन पूर्ण परत. काकूंच्या एका नातेवाइकाने दहा लाख रोखीत मागून पाहिले. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो हे कळल्यावर विषय मिटला.

किंमत १ कोटी ४ लाखांवर ठरली. दुरुस्तीचे २ लाख २० हजार काकूंनी द्यायचे, वाढीव बोजा घेणाऱ्यांचा. ठराव त्यांच्या काळातला, उपभोग यांचा, म्हणून ही वाटणी दोघांना पटली. ती रक्कम काकूंना मिळणाऱ्या पैशांतून वळती करून, दस्त नोंदवायच्या दिवशी सोसायटीच्या नावे वेगळ्या चेकने दिली आणि पावतीचा नंबर करारात घातला. ‘नंतर देते’ यावर ठेवलेली रक्कम नंतर येत नाही.

सोसायटीने हस्तांतरणाला ‘बिल्डिंग फंड’ म्हणून एक लाख मागितले. महापालिका क्षेत्रात कमाल प्रीमियम २५,००० आहे, आणि देणगीच्या नावाने वर घेता येत नाही. भांडण न करता अध्यक्षांना सरकारी परिपत्रकाची प्रत दिली. पंचवीस हजारांची पावती झाली, ते दोघांनी निम्मे-निम्मे भरले.

कर्ज सोडून हातात लागलेली रोकड अशी: किमतीचा पाव हिस्सा २६ लाख (७५ लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जात नाही), मुद्रांक शुल्क उपकरांसह ७ टक्क्यांनी ७ लाख २८ हजार, नोंदणी ३०,०००, दलाली एक टक्का १ लाख ४ हजार, प्रीमियमचा हिस्सा साडेबारा हजार. बेरीज ३४ लाख ७४ हजार ५००, आणि सिडकोचं शुल्क, वकील, घरातली डागडुजी वेगळी. दस्त एकट्या बायकोच्या नावे केला असता तर महिलांच्या सवलतीने एक टक्का, म्हणजे १ लाख ४ हजार वाचले असते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत जाते. दोघांच्या उत्पन्नावर कर्ज आणि बँकेला दोघंही सहमालक हवेत, म्हणून ती सोडावी लागली.

टीडीएसचे १ लाख ४ हजार काकूंच्या रकमेतून कापले. दोघं घेणारे असल्यामुळे दोन स्वतंत्र फॉर्म भरले, कपातीचा महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत. एकाच पॅनवर सगळं भरलं तर दुसऱ्याच्या नावाने मागणी निघते.

शेवटची अट गच्चीची. काकूंचे एक लाख वकिलाकडे ठेवले. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर त्या विंगच्या शेडचे पाय कापून, गच्चीचे पाइप बंद करून पाँड टेस्ट घ्यायची असं ठरलं. कॉलम आधीच आजारी, म्हणून स्ट्रक्चरल सल्लागाराला विचारून पाणी ५० मिलिमीटरच भरलं, ४८ तास. पीओपी आधीच उतरवलेलं होतं. पहिल्या दिवशी काही नाही. छत्तीसाव्या तासाला हॉलच्या डागाभोवती ओल धरली, आणि मागच्या बेडरूमच्या बीमलाही, जिथे आजवर कुणाला संशय नव्हता. दोन्ही जागांचे तारखेसह फोटो काढून सोसायटीला पत्र दिलं आणि पोच घेतली. जुन्या कोब्यावर नुसता रासायनिक लेप न देता, आठ घरांवरचा कोबा काढून नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घालायचं काम कंत्राटात वाढलं. काकूंचे एक लाख त्यात न अडकता त्यांना परत गेले, कारण दोष सोसायटीच्या अंगाचा होता.

नाव बदलायच्या जागा चार: महापालिकेचा मालमत्ता कर, महावितरण, पाइप गॅस, शेअर सर्टिफिकेट. ताबा घेताना वीज आणि गॅस मीटरचा फोटो काकूंसमोरच काढला.

टाकीचं तोंड पुढच्या मे महिन्यात उचललं गेलं, खर्च अकरा हजार. शेडचे बाकीचे पाय अजून तसेच आहेत. दुसऱ्या विंगच्या चार घरांनी कोर्टातून तूर्तास मनाई आणली आहे, आणि तिथला कोबा तोवर थांबला आहे.